खाऱ्या विहिरीच्या दाव्यातला बेलीफ

बेलीफ दारात उभा राहिला की घरातले आवाज आपोआप खाली यायचे. एकतीस वर्षं त्याने कोर्टाचे कागद लोकांच्या दारी पोचवले, आणि एवढ्या वर्षांत "या, बसा" असं त्याला फार तर चार-पाच जण म्हणाले असतील. त्यातल्या दोघांनी तर त्याला दुसराच कोणीतरी समजून म्हटलं होतं.

हे नोकरीपुरतं असतं तर चाललं असतं. पण तो राहत होता त्या इमारतीतही तेच. एकदा वाऱ्याने वरच्या मजल्यावरचा सदरा त्याच्या गॅलरीत येऊन पडला. त्याने तो नीट घडी करून वर नेला आणि बेल वाजवली. शेजारणीने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या घडीकडे पाहिलं, आणि आत वळून ओरडली, "अहो, आधी इकडे या!" तेव्हापासून तो कुणाचीही बेल वाजवण्याआधी बाहेरूनच मोठ्याने सांगायचा, "कोर्टाचं काही नाही हो!" जिन्यात खेळणाऱ्या पोरांनी त्याचं नावच ठेवलं, काहीनाहीकाका.

त्याच्या किल्लीचा आवाज ऐकून बरं वाटणारं जगात एकच माणूस होतं, त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"जेवलात बाबा?"

"जेवलो."

"बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. तुमचं?"

"आमचंही बरं."

मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचे आणि फोन ठेवायचे. मुलगा वाईट नव्हता. बोलण्याचा पूल आईचा होता. ती गेल्यावर दोघं दोन काठांवर राहिले, एवढंच.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना मुख्य कारकुनाने एका सोमवारी सकाळी त्याच्यापुढे समन्सचं जाडजूड पाकीट सरकवलं.

"हे घे. तुझ्यासारख्या चिकट माणसाचंच काम आहे. दोनदा परत आलंय. आता शुक्रवारपर्यंत बजावलं गेलं नाही, तर न्यायाधीश दावा काढून टाकणार. तसं लिहूनच दिलंय त्यांनी."

कागद न वाचता देणारा बेलीफ आणि टपालपेटी यांत फरक काय, असं तो म्हणायचा. म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने दावा वाचला. दावा लावणारी होती खाडीच्या मुखाशी राहणारी एक निवृत्त शाळामास्तरीण, आणि तिच्यासोबत त्या वस्तीतली अकरा घरं. नऊ वर्षांत त्यांची विहीर खारी झाली होती. पूर्वी पायरीला लागून परत जाणारा समुद्र तीनदा घरात शिरला होता. वस्तीला बांध हवा होता. आणि दावा होता इंधनाच्या एका मोठ्या कंपनीवर, जी ऐंशी वर्षं जमिनीतून तेल उपसत आली होती. बाईंच्या वकिलीणीने हिशेब सोपा मांडला होता. जगाची हवा तापली म्हणून समुद्र चढला. ही हवा तापवणाऱ्या धुरात या कंपनीचा वाटा तीनशेत एक. तेव्हा बांधाच्या कामाचा तीनशेतला एक वाटा कंपनीने उचलावा. खाली देशोदेशींच्या कोर्टांतले दाखले दिले होते. कुठे शाळकरी मुलं सरकारविरुद्ध उभी होती, कुठे म्हाताऱ्या बायका, कुठे बेटावरची माणसं.

"वाचलास?" कारकुनाने जाता जाता विचारलं. "एवढ्या मोठ्या कंपनीला खेचलंय, मग समुद्रावरच समन्स काढायचं राहिलं वाटतं! तुला गुडघाभर पाण्यात उभं राहून डकवावं लागलं असतं."

सगळे हसले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्क बाई मांडीवर डबा ठेवून बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा आपल्या पावाच्या तुकड्याकडे लक्ष दिलं. तीच ती शाळेची बाई, हे त्याला तेव्हा कळलं. पक्षकाराशी बोलायचं नाही, असा बेलिफाचा नियम असतो. तो उठला आणि पाकीट काखेत मारून निघाला.

कंपनीचं कार्यालय चौदाव्या मजल्यावर होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत एवढं गार, की त्याच्या पाठीचा घाम जागच्या जागी थंड पडला. स्वागतकक्षातल्या मुलीने वहीत सही घेतली, एका छोट्या यंत्रातून चिकटपट्टीची चिठ्ठी काढली आणि त्याच्या खिशावर लावली. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली होती, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पाहुणा.

"बसा ना काका. साहेब बैठकीत आहेत."

तो बसला. कोच एवढा मऊ होता की त्याचे गुडघे हनुवटीपाशी आले. पाच वाजले तेव्हा साहेब मागच्या दाराने निघून गेले होते.

घरी आल्यावर तोंड धुताना आरशात त्याला खिशावरची चिठ्ठी दिसली. तशीच लावून तो बसमधून आला होता. त्याने ती फाटू नये म्हणून नखाने हळूहळू सोडवली. टाकून द्यावी म्हणून हात केराच्या डब्यापर्यंत गेलाही. पण मग त्याने कपाट उघडलं आणि दाराला आतल्या बाजूने, जिकडे बायकोच्या साड्या असायच्या तिकडे, ती लावून टाकली. का, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मंगळवारी दुसरी लागली. बुधवारी तिसरी. साहेब कधी परदेशात असायचे, कधी दाताच्या डॉक्टरकडे. गुरुवारी त्या मुलीने न विचारता त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. चौथ्या चिठ्ठीखाली जागा कमी पडली म्हणून पाचवी त्याने बाजूला लावली. पण ती शुक्रवारी रात्रीची गोष्ट. त्याआधी शुक्रवारी सकाळी जे झालं ते असं.

मुलीने सवयीने त्याला चिठ्ठी लावली, आणि मग टेबलावरचा कागद पाहून, त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाली, "काका, हे कार्यालय एक तारखेपासून बंद झालंय. नवीन पत्त्यावर जा, असं सांगायचंय." नवीन पत्ता चारशे किलोमीटर दूर होता.

"बंद झालंय?" बेलिफाने आजूबाजूला पाहिलं. फोन वाजत होते. एक माणूस कागदांची चळत घेऊन धावत गेला. "मग तुम्ही सगळे इथे काय करताय?"

तिचा चेहरा लाल झाला. "मला जे सांगायला सांगितलंय ते सांगतेय हो."

त्याने वाद घातला नाही. पिशवीतून खळीची बाटली काढली, ब्रश काढला, आणि काचेच्या मोठ्या दारावर, बरोबर कंपनीच्या नावाखाली, समन्स डकवलं. नियमाने दोन पंच लागतात. कुंड्यांना पाणी घालणारी बाई तिथेच होती. तिने हात पुसून सही केली. काचा पुसणारा मात्र मागे सरला. "मी पाहिलं, पण सही नको. नोकरी जाईल माझी." बेलिफाने अहवालात तसंच लिहिलं: दुसऱ्या इसमाने सही करण्यास नकार दिला. लिफ्टचं दार मिटता मिटता त्याला दिसलं, पहारेकरी कागद ओरबाडत होता.

दोन महिन्यांनी कंपनीचा अर्ज आला. समन्स डकवलंच गेलं नाही; कार्यालय आधीच रिकामं झालं होतं; पंच एकच; बेलिफाचा अहवाल खोटा आहे. कुंड्यांना पाणी घालणारी बाई ते काम सोडून कुठे गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. राहिला बेलीफ. ज्या पिंजऱ्यात उभं राहण्यासाठी त्याने शेकडो लोकांना बोलावणी पोचवली, तिथे तो पहिल्यांदा स्वतः उभा राहिला. तेव्हा त्याला कळलं की तिथला कठडा जरा जास्तच उंच आहे. हात कुठे ठेवावेत कळत नाही.

कंपनीचे वकील शांत, गोड आवाजाचे होते.

"अठरा वर्षांपूर्वी तुमची खात्यात चौकशी झाली होती. खरं का?"

"खरं."

"कशाबद्दल?"

"उन्हाचे दिवस होते. चढावरचं घर होतं. मी गेलोच नाही. चहाच्या दुकानात बसून लिहिलं, 'दाराला कुलूप.' त्या म्हाताऱ्याला दावा लागल्याचा पत्ताच लागला नाही. निकाल एकतर्फी झाला. घर गेलं त्याचं."

"म्हणजे तुम्ही खोटा अहवाल लिहू शकता."

"लिहू शकतो. एकदा लिहिलाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. ही गोष्ट त्याने बायकोलाही निम्मीच सांगितली होती. आता ती भर कोर्टात टंकलेखकाच्या बोटांखालून कागदावर उतरत होती, आणि दुसऱ्या बाकावरून शाळेची बाई त्याच्याकडे एकटक पाहत होती. त्याने मान खाली घातली.

मग बाईंची वकीलीण उठली. वयाने लहान होती, पण घाई नव्हती तिला. "त्या आठवड्यात कार्यालय चालू होतं, याचा काही पुरावा आहे तुमच्याकडे?"

"त्यांच्या वहीत माझ्या पाच सह्या आहेत."

"ती वही हलवाहलवीत गहाळ झाली," कंपनीचे वकील बसल्या बसल्या म्हणाले.

"मग चिठ्ठ्या आहेत," बेलीफ म्हणाला.

"कसल्या चिठ्ठ्या?"

"खिशाला लावतात त्या. तारीख-वेळ छापलेल्या. पाच आहेत. घरी कपाटाला लावल्यात मी."

हशा पिकला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कपाटाला? कशासाठी?"

त्याला खोटं सुचलं असतं तर त्याने ते आनंदाने सांगितलं असतं. "त्यावर 'पाहुणा' असं लिहिलं होतं, साहेब," तो म्हणाला.

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या हजर करा, एवढंच त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी त्याने चिठ्ठ्या सोडवून पाहिल्या. पण महिने लोटल्याने डिंक मुरला होता आणि पहिलीचा कोपरा फाटू लागला. तेव्हा त्याने पेचकस घेतला आणि कपाटाचं दारच बिजागऱ्यांतून काढलं. सकाळी ते दार डोक्यावर घेऊन तो बसस्टॉपवर उभा राहिला. वाहकाने दाराचंही तिकीट घ्यायला लावलं. कोर्टात दोन शिपायांनी ते टेबलाला टेकवून उभं केलं आणि न्यायाधीश खाली उतरून वाकून वाचू लागले: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि चौदावा मजला. दाराला निशाणी अठ्ठावीस असा क्रमांक पडला. समन्स योग्य रीतीने बजावलं गेलं, असा हुकूम झाला आणि दावा पुढे चालू लागला.

दार मात्र दप्तरात जमा झालं. दाव्याचा अखेरचा निकाल लागेपर्यंत ते परत मिळणार नव्हतं. घरी कपाटाची एक बाजू सताड उघडी राहिली. सकाळी उठलं की आधी ती रिकामी फळी दिसायची. आतापर्यंत निदान ती झाकलेली होती.

"नवीन कपाट घ्या ना बाबा," मुलगा फोनवर म्हणाला. "मी पाठवू का?"

"नको. आहे ते बरं आहे."

तो निवृत्त झाला. कारकुनाने भाषण केलं, त्यात कपाटाच्या दारावर दोन विनोद झाले, आणि सगळे पाच वाजता आपापल्या बसला धावले. पुढच्या सोमवारी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार झाला, आणि कुठे जायचं नाही हे आठवून खुर्चीत बसून राहिला.

जाण्यासारखी एकच जागा होती. दाव्याची तारीख असली की तो कोर्टात जाऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. दावा सात वर्षं चालला. शास्त्रज्ञ आले, नकाशे आले, भरतीचे आकडे आले. कंपनी म्हणे, धूर सगळ्यांचाच आहे, आम्हालाच का धरता? बाईंची वकीलीण म्हणे, सगळ्यांचा आहे म्हणून तर सगळा मागत नाही, तुमच्यापुरताच मागते. बेलिफाला शास्त्र फारसं कळत नसे, पण हे कळत असे. वर्तमानपत्रात दुसऱ्या एखाद्या देशातल्या अशा दाव्याची बातमी आली, की तो ती दोनदा वाचायचा. कुठे मुलं जिंकली होती, कुठे बेटवाले हरले होते. वाचून झालं की समोर पाहायचा. समोर भिंत असायची.

बाईंच्या सोबतची अकरा घरं हळूहळू चारांवर आली. काही दमले, काही वस्ती सोडून गेले, दोघं वारले. बाई मात्र प्रत्येक तारखेला दोन बस बदलून यायची. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्याच्या एका टोकाला बसायची आणि बेलीफ दुसऱ्या. नियम आता सुटला होता, सवय सुटली नव्हती. तीन वर्षं असं चाललं. मग एके दिवशी ती डबा घेऊन उठली आणि सरळ त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता तरी बोलता येतं ना तुम्हाला?"

"येतं बहुतेक."

"मग बोला."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? चौतीस वर्षं मुलांना हेच म्हणत आले, उत्तर मी सांगणार नाही."

त्याला हसू आलं. तिने अर्धा पाव त्याच्या हातावर ठेवला. जरा वेळाने तोच म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

"हो."

"काय वाटलं?"

बाईने डब्याचं झाकण लावलं. "राग आला. वाटलं, असाच एखादा माणूस आमचं घर बुडवणार. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही ते दार घेऊन आलात." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि त्यानेही तशी वाट पाहिली नाही. त्या म्हाताऱ्याच्या वतीने माफी द्यायला ती कोण होती?

निकालाच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. न्यायाधीश नवे होते. त्यांनी दीड तास वाचलं. अखेरीस निघालं ते असं: कंपनी जबाबदार आहे, पण आपल्या वाट्यापुरती. सहाशे मीटरच्या बांधातले दोन मीटर तिने बांधून द्यावेत.

"दोन मीटर!" बाहेर एक वार्ताहर बाईंना म्हणाला. "एवढ्यासाठी सात वर्षं? तेवढ्याने समुद्र अडेल का?"

"नाही अडणार," बाई म्हणाली. "आता उरलेले दोनशे नव्व्याण्णव वाटे कुणाकुणाचे आहेत, त्यांचे पत्ते काढा म्हणावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलीण रडत होती. बेलीफ गर्दीच्या कडेला उभा राहून बघत होता. गर्दीतून बाईने त्याला शोधलं आणि ओरडून सांगितलं, "या एकदा घरी!" आणि लोक तिला घेऊन पुढे गेले.

कंपनीने महिन्याभरात अपील केलं. दोन मीटरचाही बांध उभा राहिला नाही.

"या एकदा घरी" हे लोक उगाच म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी पाच महिने विचार करून तो एका दुपारी निघाला. दोन बस बदलल्या. वस्तीत फार घरं उरली नव्हती. बऱ्याच घरांची दारं-खिडक्या काढून नेलेल्या. बाईचं घर शेवटचं. त्याने सवयीप्रमाणे बेल शोधली, नव्हती. कडी वाजवताना काय ओरडावं हे सुचेना, म्हणून नुसती वाजवली.

बाई बाहेर आली. आधी तिची नजर त्याच्या हातांकडे गेली. हात रिकामे होते.

"आलात," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं."

तिने त्याला विहीर दाखवली. त्याने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकलं. चहा टँकरच्या पाण्याचा होता. पावसाळ्यानंतर ती भाचीकडे राहायला जाणार होती. भाचीचं घर डोंगरावर, जागा लहान, पण कोरडी. अपिलाच्या तारखांना तिथून कसं यायचं, ते अजून ठरलं नव्हतं. तीन बस लागतील म्हणाली. शाळेतल्या मुलांबद्दल बोलली. मग त्याला विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"मीच."

तिने मान हलवली. हवा दमट होती. बोलता बोलता तिचे डोळे मिटू लागले, आणि एका वाक्याच्या मध्येच ती खुर्चीत झोपून गेली. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं राहिलं.

पाचची बस होती. पावणेपाच झाले होते. बेलीफ उठला आणि उभाच राहिला. तिला उठवावं, की न सांगता निघावं? आयुष्यभर लोकांनीच त्याच्या तोंडावर दारं लावली होती. कुणाच्या घरातून आपण होऊन कसं निघतात, हे त्याला माहीत नव्हतं. मागे कुठेतरी भरतीचं पाणी पायऱ्यांवर आपटत होतं. त्याने चहाचे दोन्ही पेले उचलून आत नेऊन ठेवले. परत आला तेव्हा वळणावरून बस जाताना दिसली. पुढची सातला होती. तो पुन्हा खुर्चीत बसला आणि आवाज होऊ नये म्हणून पाय आखडून घेतले.